फणसाच्या गिटारमधली घरघर : दुरुस्तीच्या नोंदी

८ मार्च

गिटार आज आली. मुलगी कुडाळची, शिकायला पुण्यात. गिटार तिच्या मामांनी सावंतवाडीला स्वतःच्या हातांनी बनवलेली. मामा पेशाने मेस्त्री. दारं-खिडक्या, देव्हारे करणारे. पाठ आणि बाजू फणसाच्या, टॉप (पुढची फळी) स्प्रूसचा, दांडी सागवानी, फिंगरबोर्ड (दांडीवरची बोटं दाबायची फळी) आणि ब्रिज (टॉपवर तारा अडकवायचा ठोकळा) शिसवी, नट (दांडीच्या डोक्याशी तारांच्या खाचा असलेली पट्टी) आणि सॅडल (ब्रिजमधली तारा टेकायची पट्टी) हाडाचे. पॉलिश चपड्याचं, बोळ्याने चोळून चोळून दिलेलं. आकार ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या खोक्याचा, स्केल (नट ते सॅडल तारेची लांबी) ६४५ मिमी, तारा फॉस्फर ब्राँझ, ०.०१२ इंचापासूनचा संच. दक्षिणेत वीणा आणि मृदंग फणसाच्या लाकडाचेच होतात, तेव्हा वाद्याच्या कामाला हे लाकूड नवीन नाही. पण गिटारच्या पाठीला वापरलेलं मी पहिल्यांदाच हातात घेतलं. बाजूंची वळणं इतकी साफ आहेत की कुठेही चपटा भाग नाही. जोडकाम पाहून माणसाबद्दल आदर वाटला.

तक्रार तिच्याच शब्दांत: “काका, गावी मस्त वाजायची. पुण्यात आणली आणि डिसेंबरपासून आत काहीतरी हलल्यासारखं वाजतं. कधी वाजतं, कधी नाही.”

एका दुकानात तिला सॅडलखाली पट्टी घालून तारा उचलायला सांगितलं होतं. तिने ते करू दिलं नाही, फार बरं झालं. तारा उचलल्या की निम्म्याहून जास्त खरखरी तात्पुरत्या गप्प होतात, आणि कशामुळे होत होत्या ते शोधायची वाटही बंद होते. शिवाय वाजवणाऱ्याच्या बोटांना त्याची किंमत मोजावी लागते ती वेगळीच.

मी तिच्यासमोर वाजवून पाहिली. खालच्या तारांवर थोडी झणझण ऐकू आली, पण ती सांगत होती ती आतली घरघर माझ्या हातात एकदाही आली नाही. मग तिला वाजवायला दिली, पट्टा लावून, उभी राहून. लगेच आली. हे लिहून ठेवतो: मी वाजवतो तेव्हा येत नाही, ती वाजवते तेव्हा येते.

९ मार्च

काहीही हलवायच्या आधी मोजमापं. तारा सुरात, खोलीत आर्द्रता २८ टक्के.

बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सहाव्या, सगळ्यात जाड तारेची उंची १.७ मिमी, पहिल्या तारेची १.३. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), चौदाव्यावर बोट, सातव्यावर तारेखालची फट फिलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजली: जेमतेम ०.०५ मिमी. म्हणजे दांडी जवळजवळ सरळ. फ्रेटची टोकं फिंगरबोर्डच्या कडेबाहेर आली आहेत, बोट फिरवलं की करवतीच्या दात्यांसारखी लागतात. ब्रिजच्या मागे टॉपवर आडवी पट्टी ठेवली तर दोन्ही बाजूंना फट दिसायला हवी, कारण टॉप मध्ये किंचित फुगीर असतो. इथे पट्टी सपाट बसते.

ही सगळी लक्षणं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: लाकूड सुकलं आहे. स्प्रूसची फळी रेषांच्या लांबीत जवळपास हलत नाही, पण रुंदीत हलते. कोकणातल्या पाऊण ओल्या हवेतून पुण्याच्या मार्चमध्ये आणलेली चाळीस सेंटिमीटर रुंदीची सुटी फळी अंदाजे चार मिलिमीटर आकसेल. गिटारमध्ये ती सुटी नसते. आतून ब्रेस, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या, चिकटवलेल्या असतात, आणि ब्रेसच्या रेषा तिच्या स्वतःच्या लांबीत धावत असल्यामुळे ती आकसत नाही. फळी आकसू पाहते, ब्रेस तिला आकसू देत नाही. मग फुगवटा उतरतो, तारा खाली येतात, आणि सगळा ताण जाऊन बसतो चिकटवलेल्या सांध्यावर, त्यातही ब्रेसच्या टोकाशी. पाठीच्या ब्रेस तर रेषांना थेट काटकोनात असतात, त्यामुळे तिथला ताण सगळ्यात जास्त.

हे एवढं माहीत असूनही आज ह्युमिडिफायर लावला नाही. मुद्दाम. गिटार आत्ता आजारी आहे, तर आजार आत्ताच पाहून घेतला पाहिजे. ओलावा दिला की एखादा सुटलेला सांधा फुगून मिटेल, आवाज बंद होईल, आणि सांधा मात्र सुटलेलाच राहील.

१० मार्च

नकाशा केला. चौकटीच्या वहीत सहा ओळी, प्रत्येक ओळीत मोकळ्या तारेपासून चौदाव्या फ्रेटपर्यंत घरं. प्रत्येक सूर आधी हलका, मग जोरात. ज्या घरात आवाज आला तिथे कसा आला ते लिहायचं. “बझ” असं एकच नाव सगळ्याला दिलं की पुढचा रस्ता दिसत नाही, म्हणून मी तीन वेगळे शब्द वापरतो: धातूवर धातू लागल्याची झणझण, लाकडाची घरघर, आणि सतारीसारखा लांबलेला झंकार. कानाला हे तिन्ही अगदी वेगळे आहेत.

वहीत तीन ठिपके-समूह उमटले.

पहिला: सहावी आणि पाचवी तार, पहिल्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत, फक्त जोरात छेडल्यावर. झणझण. अपेक्षितच.

दुसरा: चौथी तार, मोकळी. हलकी छेडली तरी झंकार. पहिल्या फ्रेटवर बोट ठेवलं की पूर्ण स्वच्छ.

तिसरा: सहाव्या तारेचा चौथा फ्रेट. घरघर. शेजारच्या तिसऱ्या फ्रेटवर किंचित, पाचव्यावर नाही. आणि आज ती माझ्या हातातही आली, कारण आज गिटार टेबलावर फोमच्या दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवून वाजवत होतो. पाठ मोकळी होती. मांडीवर घेऊन पाठ पोटाला टेकवली, घरघर गायब. परवाचं कोडं इथे सुटलं: बसून वाजवताना पाठ माझ्या अंगाला टेकते आणि दबून राहते, पट्ट्यावर उभ्याने वाजवताना ती सुटी असते. संशय पाठीवर.

११ मार्च

घरघर जागेची आहे की सुराची, हा प्रश्न पहिला. सहाव्या तारेचा चौथा फ्रेट म्हणजे जी शार्प, १०३.८ हर्ट्‌झ. फ्रेट उंच असेल तर आवाज त्या जागेशी बांधलेला राहील. आत काही हलत असेल तर तो सुराशी बांधलेला असेल, जागा कुठलीही असो.

सहावी तार अर्धा स्वर उतरवली. घरघर चौथ्या फ्रेटवरून पाचव्यावर गेली. तार पुन्हा सुरात आणून पाचवी तार अर्धा स्वर उतरवली, म्हणजे ती मोकळीच जी शार्प झाली. मोकळ्या पाचव्या तारेवर तीच घरघर. तारेचा, फ्रेटचा, नटचा, कशाचाच संबंध नाही. १०४ हर्ट्‌झच्या आसपास या खोक्यातलं काहीतरी थरथरतं.

आणि १०४ हा आकडा उगीच नाही. ड्रेडनॉटच्या पोकळीतली हवा साउंडहोलमधून आत-बाहेर होते, तिचा स्वतःचा सूर शंभर हर्ट्‌झच्या जवळपास असतो. त्या सुराला टॉप आणि पाठ दोन्ही मोठ्या झोक्याने हलतात. जे काही सुटं असेल ते तिथेच बोलणार. खात्री करायला पुठ्ठ्याची चकती कापून साउंडहोल झाकलं आणि तोच सूर वाजवला: घरघर जवळपास नाहीशी. काढली: परत.

१३ मार्च

खोटे संशयित आधी बाजूला काढले. ट्यूनरच्या, म्हणजे तारांच्या खुंट्यांच्या, पेचाच्या नट दहाच्या पान्याने तपासल्या; तिसऱ्याची वॉशर बोटाने फिरत होती, कसली. तारांची सुटी टोकं कापली. ब्रिजपिनखाली (ब्रिजमध्ये तारा अडकवणाऱ्या खुंट्या) तारांच्या टोकांचे मणी आतल्या प्लेटला टेकलेत का ते आरशात पाहिलं, सगळे टेकलेत. सॅडल खाचेत घट्ट. पट्ट्याचं बटण घट्ट. दांडीवर मागून मुठीने ठोकून ट्रस रॉड (दांडीचा बाक सांभाळणारी आतली सळई) ऐकला, गप्प. बाइंडिंग (खोक्याच्या कडेची पट्टी) नखाने दाबत पूर्ण फेरी मारली, कुठेही उचललेली नाही. पिकअप नाहीच, त्यामुळे वायरचा प्रश्न नाही. घरघर जशीच्या तशी.

ही सगळी कामं मिळून अर्ध्या तासाची. आतल्या लाकडाला हात घालायच्या आधी ती करावीच लागतात. सुट्या वॉशरसाठी पाठ उकलायला निघालेले लोक मी पाहिले आहेत.

१५ मार्च

आज जागा सापडली.

तारांमध्ये पंचा विणून त्या पूर्ण बंद केल्या. गिटार फोमच्या ठोकळ्यांवर, टॉप खाली, पाठ वर. ठोकळे फक्त कडांना, साउंडहोल मोकळं. खाली स्पीकर. लहान ब्लूटूथ स्पीकर १०० हर्ट्‌झला काहीच ढकलत नाही, म्हणून टीव्हीचा वूफर आणला. फोनवर टोन जनरेटर, ८० पासून हळूहळू वर. ८०, ८५, ९०, फक्त हवेची घूं. ९८ ला पाठ तळव्याला जाणवायला लागली. १०२ ला पहिली कुरकुर, १०४ ला पूर्ण घरघर, १०८ ला शांत. तारा बंद असताना. आता तारा, नट, फ्रेट या सगळ्यांची यादीतून कायमची सुट्टी.

टोन १०४ वर धरून ठेवला आणि एका बोटाने पाठ दाबत गेलो. मधली रेघ, काही फरक नाही. कमरेजवळ, नाही. खालच्या रुंद भागात उजवीकडे, नाही. डावीकडे, म्हणजे जाड तारांच्या बाजूला, कडेपासून तीन-चार बोटं आत: आवाज टक्कन थांबला. बोट उचललं, सुरू. दाबलं, बंद. एक बोट बाजूला सरकलं तरी चालू राहते, इतकी नेमकी जागा. तिथे कागदी टेपचा तुकडा चिकटवून फुली मारली. पाठीला चार ब्रेस आहेत. ही खालून दुसरी, तिचं डावं टोक.

तारा सैल करून काढल्या, हात आत घातला. आरशात आणि एलईडीच्या उजेडात काहीच दिसत नाही. सांधा पूर्ण मिटलेला वाटतो. म्हणून पतंगाचा कागद. नखाएवढी पट्टी कापून चिमट्यात धरली आणि ब्रेसच्या कडेने सरकवत नेली. तीन ब्रेसना ती कुठेही आत शिरली नाही. चौथीच्या, म्हणजे फुली मारलेल्या ब्रेसच्या टोकाशी ती आपोआप आत गेली आणि दोन-अडीच सेंटिमीटरवर अडकली. डोळ्याला न दिसणारी फट, पण एवढी पुरते. पाठ हलते, ब्रेसचं टोक तिच्यावर सेकंदाला शंभरदा आपटतं.

१६ मार्च

मेस्त्रींना फोन केला. माझा पहिला प्रश्न सांध्याबद्दल, कारण उपाय त्यावरच ठरतो. ते म्हणाले, “सगळां सरसान चिकटवलंय, फेविकॉलचो थेंबय नाय.” ऐकून जीव भांड्यात पडला. पांढरा गोंद एकदा सुकून सुटला की त्याच्यावर नवा गोंद धरत नाही, जुना पूर्ण खरवडून काढावा लागतो, आणि खोक्याच्या आत कोपऱ्यात ते करणं म्हणजे पाठ उघडण्याची तयारी. सरसाचं, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाचं, तसं नाही. गरम पाण्याने जुना सरस पुन्हा जिवंत होतो आणि नव्यात मिसळतो.

पाठ केव्हा चिकटवली हेही विचारलं. श्रावणात. बाहेर पाऊस, वर्कशॉपला कौलं, हवा दमट. सावंतवाडीत राहणार असलेल्या वाद्यासाठी हे ठीकच होतं. तिथे हवा वर्षभरात एवढी कोरडी होतच नाही. भाची पुण्याला जाईल हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? त्यांनी स्वतःहून विचारलं, “मग आता पुन्हा करूचा झाला तर काय करू?” मी सांगितलं: एसी नको, पण एक बंद खोली, एक हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र), आणि ब्रेस चिकटवायच्या आधी फळ्या दोन-तीन आठवडे ४५ ते ५० टक्क्यांत ठेवायच्या. पावसाळ्यात त्या खोलीत साठचा बल्ब लावून हवा कोरडी करता येते. बराच वेळ बोललो. पुढची गिटार साग आणि फणस अशी करायचा विचार आहे म्हणतात.

१७ मार्च

निदान पुरतं झालं, आता पाणी. प्लास्टिकच्या साबणदाणीला भोकं पाडून आत ओला स्पंज, नीट पिळून. एक केसमध्ये दांडीच्या डोक्याशी, एक साउंडहोलमध्ये तारांवरून लोंबकळत. केस बंद. हायग्रोमीटर आत. घाई नाही, चपड्याच्या पॉलिशमधून आणि आतल्या उघड्या लाकडातून ओलावा सावकाशच आत जातो, आणि सावकाशच जायला हवा. ओल्या फडक्याने किंवा वाफेने एका रात्रीत फुगवायला गेलं तर टॉपला भेग जाऊ शकते.

२४ मार्च

केसमध्ये ४२ टक्के. सहाव्या तारेची उंची १.७ वरून १.९. फ्रेटची टोकं अजून बोटाला लागतात.

३१ मार्च

काल पाडवा, त्यामुळे आज पाहिलं. केसमध्ये ४७. सहावी २.१, पहिली १.६. फ्रेटची टोकं कडेशी आली. टॉपवरच्या पट्टीखाली दोन्ही बाजूंना उजेड दिसतो. पहिल्या समूहातली झणझण जवळपास गेली. आता फक्त पहिल्या तीन फ्रेटवर, तेही अगदी दणकून वाजवल्यावर. ट्रस रॉड पाव फेरीहून थोडा कमी सैल केला, सातव्या फ्रेटवरची फट ०.०५ वरून ०.१८ झाली. जोरदार तालातही स्वच्छ. एकही फ्रेट घासावा लागला नाही. मार्चच्या सुरुवातीला कानस घेऊन बसलो असतो तर चांगल्या फ्रेटची उंची उगीच गेली असती.

आता अपेक्षित होतं तेच घडलं आहे. वूफरवर ८० ते १३० हर्ट्‌झ फिरवलं, १०४ ला घरघर नाही. पूर्ण शांत. एखाद्याने याच अवस्थेत गिटार परत दिली असती आणि सुकली होती, बरी झाली असं सांगितलं असतं. पण फुलीच्या जागी आत हात घातला तर ०.०५ चं पातं अजूनही सेंटिमीटरभर आत जातं. सांधा मिटला आहे, जुळलेला नाही. पुढच्या जानेवारीत पुन्हा उघडेल, आणि प्रत्येक उघडझापीत थोडा पुढे सरकेल.

सांधा भरायची वेळ हीच. २८ टक्क्यांवर चिकटवला असता तर ताणलेल्या अवस्थेत चिकटला असता आणि पावसाळ्यात उलट्या बाजूने ओढला गेला असता. ४७ म्हणजे वर्षाचा मध्य.

२ एप्रिल

सरस काल रात्री थंड पाण्यात भिजत घातला होता. सकाळी दाणे फुगून मऊ झाले. पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून ६० अंशांवर आणला. त्याहून गरम केला की त्याची धरण्याची ताकद कमी होते, म्हणून थर्मामीटर वाटीतच.

आधी कोरडी तालीम. सरस गरम लाकडावर मिनिटभरही ओला राहत नाही, त्यामुळे हात कुठून जाणार, वजन कसं बसणार, फडकं कुठे, हे सगळं हातांना पाठ हवं. गिटार चेहरा वर करून, पाठ वाळूच्या पिशवीवर, म्हणजे पाठीची गोलाई तशीच टेकलेली. वजन म्हणून शिशाच्या छऱ्यांची कातडी पुरचुंडी, साउंडहोलमधून आत जाईल एवढी. शिवाय एक जोडी निओडिमियम चुंबकं: एक ब्रेसच्या टोकावर, एक बाहेरून पाठीला, दोन्हींखाली बुचाचे तुकडे. टॉपला आतून टेकू देऊन दाबायची पद्धत मला पटत नाही. पाठ दुरुस्त करताना टॉपवर जोर कशाला?

खोलीत पंखा बंद, हेअर ड्रायरने ती जागा बाहेरून कोमट. सिरिंजच्या बोथट सुईने फटीत गरम पाण्याचे दोन-तीन थेंब, पातळ लवचीक पातं आत-बाहेर, म्हणजे जुना सरस नरम होतो. बाहेर आलेलं पाणी तपकिरी होतं, म्हणजे सुटला. टिपून घेतलं. मग सरस, सिरिंजने, पात्यावरून आत ढकलत. पाठ बाहेरून अंगठ्याने दाबली-सोडली, दाबली-सोडली. प्रत्येक दाबाला सरस फटीत शोषला जातो, आणि तिसऱ्या-चौथ्या दाबाला ब्रेसच्या दोन्ही कडांनी बारीक मण्यांची एक सलग ओळ बाहेर आली. ती ओळ बघायची असते. ती एका बाजूला तुटक असेल तर सरस आत पोहोचला नाही. इथे आरशात दोन्ही बाजूंना टोकापर्यंत सलग. चुंबक, पुरचुंडी, काडीला गुंडाळलेल्या कोमट फडक्याने पुसणं. उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

४ एप्रिल

पातं कुठेच शिरत नाही. ब्रेसवर नखाने टिचकी मारली तर डावं आणि उजवं टोक एकाच आवाजात उत्तर देतं. परवापर्यंत डावं टोक बद्द वाजायचं. तारा चढवल्या, रात्रभर तशाच ठेवल्या.

५ एप्रिल

उरला दुसरा समूह, मोकळी चौथी तार. ओलाव्याने तिला काहीच फरक पडला नाही, पडणारही नव्हता.

बोट ठेवल्यावर आवाज स्वच्छ होतो, म्हणजे नट. पहिला संशय खाच खोल असण्याचा. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहिली, ०.२५ मिमी. भरपूर. खोल नाही. मग पतंगाच्या कागदाचा तुकडा खाचेत, तारेखाली, अगदी फिंगरबोर्डकडच्या कडेशी. झंकार बंद. कागद काढून मागच्या, म्हणजे खुंट्यांकडच्या कडेशी ठेवला. झंकार चालू, उलट जास्त.

भिंगाखाली कारण स्पष्ट दिसतं. खाचेचा तळ मागच्या बाजूला उंच आणि पुढे उतरता गोलसर आहे. तार पुढच्या कडेवर नेमकी सुटायच्या ऐवजी मागेच सुटते आणि पुढच्या दोन मिलिमीटर हाडावर प्रत्येक हेलकाव्याला घासते.

तानपुऱ्याची घोडी हेच काम करते, आणि मिरजेचे कारागीर त्या घोडीचा पृष्ठभाग घासून जवारी लावतात ती याच हेलकाव्यासाठी. रुंद, अगदी मंद वळणाचा पृष्ठभाग. तार त्याच्यावर टेकत-सुटत राहते आणि वरचे स्वर उमलत जातात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणेच्या घोडीवर लिहिलं तेव्हा त्यांना हेच खटकलं होतं: तारेला जिथे छेडावं तिथे ज्यांचा निश्चल बिंदू येतो ते स्वर पुस्तकी नियमाप्रमाणे ऐकू यायला नकोत, पण या वाद्यांत ते ठणठणीत ऐकू येतात. तानपुऱ्यात ते सुख आहे. गिटारच्या सहांपैकी एकाच मोकळ्या तारेला ते मिळालं तर प्रत्येक डी कॉर्डमध्ये एक तार वेगळ्याच वाद्याची वाजते.

उपाय छोटा. खाचेची पुढची कड आहे तशी ठेवायची, फक्त मागचा भाग उतरता करायचा, खुंटीच्या दिशेने. नटच्या खास कानशी महाग पडतात. बोहरी आळीत गॅस वेल्डिंगचे टिप क्लीनर मिळतात, त्या बारीक गोल कानशींच्या जुडग्यात ०.०३२ इंचाच्या तारेला बसेल अशी एक निघतेच. पाच-सहा हलके हात, तार बसवून ऐकायचं, पुन्हा दोन हात. शेवटी खाचेत ६बी पेन्सिलीचं शिसं. मोकळी चौथी तार आता बाकीच्यांच्या बरोबरीने वाजते. फट ०.२५ चीच राहिली.

बाकीच्या पाच खाचा भिंगाखाली पाहिल्या, सगळ्यांचा उतार बरोबर मागे आहे.

६ एप्रिल

पूर्ण नकाशा पुन्हा, त्याच वहीत, शेजारच्या पानावर. सहा ओळी, सगळी घरं, हलकं आणि जोरात, आधी मांडीवर, मग फोमवर पाठ मोकळी ठेवून. दुसऱ्या तारेवर तेराव्या फ्रेटला, तार खूप ओढली तर, किंचित झणझण. फ्रेट रॉकर (फ्रेटची उंची पडताळायची सरळ पट्टी) तिथे अगदी किंचित डुलतो. सोडून दिली, ती तिथे वाजवत नाही, आणि त्या एका जागेसाठी फ्रेट घासावा एवढी ती मोठी नाही. वूफर ८० ते २५० हर्ट्‌झ, सावकाश, दोन्ही दिशांनी: काही नाही.

मुलगी संध्याकाळी आली. तिने पट्टा लावला, उभी राहिली, सहाव्या तारेचा चौथा फ्रेट वाजवला, आणि मग वाजवतच राहिली. या गिटारच्या खालच्या सुरांत फणसाची एक कोरडी, मोकळी गोलाई आहे; घरघर गेल्यावर ती पहिल्यांदा नीट ऐकू आली.

साबणदाणी आणि हायग्रोमीटर तिच्या केसमध्ये दिले. सांगितलं: नोव्हेंबर ते मे गिटार केसमध्येच, स्पंज आठवड्याला ओला. पावसाळ्यात स्पंज बाहेर, गिटार भिंतीवर टांगायची नाही.

२८ जून

पावसाळ्याची तपासणी, मी बोलावली होती. खोलीत ७९ टक्के. सहावी तार २.७ मिमी, पहिली २.०. टॉप चांगला फुगलेला. घरघर नाही, झंकार नाही, सांध्यात कागद शिरत नाही. उलट्या दिशेच्या ताणातही नवा सरस टिकला.

पण आता ती म्हणते बोटं दुखतात, आणि खरंच आहे. ट्रस रॉड पुन्हा आवळून हे सुटत नाही, कारण दांडी ठीक आहे, टॉप वर आला आहे. म्हणून दुसरं सॅडल. हाडाचा तुकडा खाचेत बसवला, वरची वळणरेषा जुन्या सॅडलवरून पेन्सिलीने उतरवून घेतली, आणि एक मिलिमीटर बुटकं केलं. सॅडल जेवढं उतरतं त्याच्या निम्मी उंची बाराव्या फ्रेटवर कमी होते, म्हणजे सहावी २.२ वर आली. जुनं सॅडल कागदाच्या पुडीत, पुडीवर “दिवाळीनंतर”, केसच्या कप्प्यात.

बदलायचं कसं ते तिला इथेच करून दाखवलं आणि तिच्याकडून करून घेतलं. बुटकं सॅडल घालून ठेवलेलं राहिलं आणि हवा सुकली तर पहिल्या समूहातली झणझण परत येईल. ती आली तर घाबरायचं नाही, आधी हायग्रोमीटर बघायचा, मग पुडी उघडायची. घरघर आली तर मात्र वाजवणं थांबवून लगेच आणायची, ओलावा न देता, आहे तशी.

मेस्त्रींना निरोप दिला. त्यांनी हायग्रोमीटर घेतला आहे. कौलांखालच्या खोलीत काल ८८ दाखवत होता, बल्ब लावल्यावर दुपारपर्यंत ६६. अजून उतरवायला हवं. खिडकीच्या फटी बंद करायला सांगितल्या आहेत, नव्या फळ्या तोपर्यंत चिकटवायच्या नाहीत.